डब्यावर ३२००, कॉम्प्युटरात २४००: कोणाचं खरं मानायचं?

फोटोवाला (अमळनेर)

नमस्कार मंडळी. लग्नसराई तोंडावर आली आणि माझं एडिटिंगचं मशीन रुसून बसलंय, म्हणून धागा काढतोय.

मशीन असं आहे: इंटेलचा आय-फाइव्ह १०४००, बी४६० चा बोर्ड, रॅमचे चार स्लॉट. आतापर्यंत ८ जीबीची एकच पट्टी होती, २६६६ ची, साधी हिरवी. हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन कॅमेऱ्यांचं फुटेज टाइमलाइनवर टाकलं की मेमरी ९५ टक्क्यांवर जायची, मग माउस हलला तरी नशीब. म्हणून परवा जळगावला एका दुकानातून १६ जीबीची ३२०० वाली रॅम आणली. काळं जाड हीटसिंक, वरून रंगीत दिवे. दुकानदार म्हणाला, "भाऊ, २६६६ वरून ३२०० वर चालले तुम्ही, रॉकेट होईल रॉकेट."

घरी येऊन जुनीच्या शेजारी लावली. २४ जीबी दिसतंय, इथपर्यंत ठीक. पण टास्क मॅनेजरात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं तर स्पीड २४००! ३२०० राहिलं बाजूला, आधीचे २६६६ होते तेही गेले. दुकानात फोन केला तर म्हणे, तुमचा बोर्ड जुना आहे, बोर्ड बदला. घरात आता ऐकून घेतोय की पैसे देऊन गाडी रिव्हर्समध्ये टाकणारा पहिलाच माणूस बघितला.

रॅम डुप्लिकेट दिली का? बोर्ड खरंच बदलावा लागेल का?

रावेरची_केळी

दिवे लागले ना? मग पैसे वसूल.

स्क्रूड्रायव्हर (धुळे)

काही टेन्शन लेवानं नही भाऊ. रॅम डुप्लिकेट वाटत नाही, आणि बोर्ड तर अजिबात बदलू नका.

रॅम किती वेगाने पळणार हे तीन जण मिळून ठरवतात: प्रोसेसर, बोर्ड आणि खुद्द पट्टी. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याचंच चालतं. दुकानदार लोक डब्यावरचा आकडा सांगतात, तो फक्त पट्टीचा असतो, आणि तोही पूर्ण खरा नसतो. ते पुढे सांगतो.

आधी प्रोसेसर. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी बोर्डावरच्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात घेतला, इंटेलच्या डेस्कटॉपला २००८ मध्ये पहिल्या आय-सेव्हनपासून आला. त्यामुळे आता लिमिट बघायची तर पहिल्यांदा प्रोसेसरची. तुमच्या १०४०० ची कंपनीने दिलेली लिमिट डीडीआर४ (म्हणजे चौथ्या पिढीची रॅम) २६६६. त्याच सॉकेटातला आय-सेव्हन १०७०० असता तर २९३३ मिळाले असते. कंपनीच्या साइटवर प्रोसेसरचं पूर्ण नाव टाकून 'मेमरी टाइप्स' ही ओळ वाचायची, एवढंच काम आहे, पण रॅम घेताना ती ओळ कोणी उघडत नाही.

मग बोर्ड. त्या पिढीत प्रोसेसरच्या लिमिटच्या वर रॅम पळवायची परवानगी फक्त झेड४९० ला होती. एच४१० आणि बी४६० लिमिटवरच थांबतात. म्हणजे तुमच्या मशीनवर ३२०० कधीच दिसणार नाही, पट्टी सोन्याची आणली तरी.

आता पट्टी. तिच्यावर एक बारीक चिप असते, एसपीडी म्हणतात. त्यात पट्टीची कुंडली लिहिलेली असते: कोणत्या वेगाला कोणतं टायमिंग (उत्तर द्यायला घड्याळाचे किती ठोके लागतात), किती व्होल्ट. मशीन चालू झालं की बोर्ड ती वाचतो. त्यातले प्रमाणित वेग जेडेक या संस्थेने ठरवलेले असतात, १.२ व्होल्टवर चालणारे. गेमिंगच्या पट्ट्यांमध्ये डब्यावरचा मोठा आकडा या रांगेत नसतोच. तो एक्सएमपी नावाच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये असतो, बहुतेक वेळा १.३५ व्होल्टचा, आणि बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणारं बोर्डाचं सेटिंग) जाऊन तुम्ही चालू केला तरच लागतो. माझा अंदाज, तुमच्या नव्या पट्टीची प्रमाणित रांग २४०० वर संपते. जुनी २६६६, नवी २४००. जोडीत हळू बैल जसा चालेल तशी गाडी.

सीपीयू-झेड नावाचं मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. त्यातलं एसपीडीचं पान प्रत्येक स्लॉटसाठी बघा, मेमरीचंही पान बघा, आणि जे दिसेल ते जसंच्या तसं इथे लिहा.

तापीकाठ (चोपडा)

स्क्रूड्रायव्हर दादा, मध्येच घुसते, माफ करा. माझं सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, पीकविम्याच्या दिवसांत तर बसायला जागा नसते. एक मशीन अजून आय-फाइव्ह २४०० चं आहे, डीडीआर३ वालं. पोराने १६०० ची पट्टी आणून लावली, दाखवतंय १३३३. चालतंय छान, पण लिमिटपेक्षा जास्तीची रॅम लावल्याने प्रोसेसर खराब तर होणार नाही ना?

स्क्रूड्रायव्हर (धुळे)

नाही ताई. तुमच्या आय-फाइव्ह २४०० प्रोसेसरची लिमिट १३३३ आहे, म्हणून १६०० ची पट्टी गपचूप १३३३ वर चालतेय. वेगवान पट्टी हळू चालवली तर काही बिघडत नाही. भानगड उलट्या बाजूला असते, हळू पट्टीला जोर लावून पळवलं तर.

डीडीआर३ मध्ये बघायचे ते व्होल्ट. साधी १.५ व्होल्टची, आणि जिच्यावर शेवटी 'एल' असतो ती १.३५ ची. तुमच्या मशीनला १.५ चालते. पण सहाव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर३एल आहे, तिथे १.५ ची जुनी पट्टी कोंबू नका.

आणि खरं सांगू का, त्या मशीनला रॅमपेक्षा एसएसडी टाका. हार्डडिस्कवर असेल तर जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

तापीकाठ (चोपडा)

हार्डडिस्कवरच आहे. सकाळी चालू करून मी चहा ठेवते, दूध उतू जातं तरी ते उघडलेलं नसतं.

फोटोवाला (अमळनेर)

बघितलं. दादा, तुमचा अंदाज बरोबर. नव्या पट्टीच्या एसपीडीत रांगा आहेत, शेवटची प्रमाणित रांग १२०० मेगाहर्ट्झ, तिच्या पुढे एक्सएमपी-३२०० अशी वेगळी रांग, १६०० मेगाहर्ट्झ, १.३५० व्होल्ट. जुन्या पट्टीची शेवटची रांग १३३३.

पण मेमरीच्या पानावर डीरॅम फ्रीक्वेन्सी ११९७ लिहिलंय! २४०० पण नाही, त्याच्याही निम्मं! आणि चॅनेलपुढे 'सिंगल'. आता मात्र मी दुकानात जातोच.

कळण्याची_भाकर (पुणे, मूळ पाचोरा)

थांबा, थांबा. ११९७ बरोबर आहे, कोणाला शिव्या देऊ नका. डीडीआरमधला पहिला डी म्हणजे डबल. घड्याळाच्या एका ठोक्यात डेटा दोनदा जातो, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. घड्याळ १२००, डेटा २४००. सीपीयू-झेड घड्याळ दाखवतं, टास्क मॅनेजर डेटा दाखवतो. खरं एकक मेगाट्रान्सफर आहे, पण बाजारात सगळे मेगाहर्ट्झच म्हणतात आणि मग असे घोळ होतात. वरचे ३ कमी दिसतात ते मूळ घड्याळ १०० च्या किंचित खाली चालतं म्हणून.

स्क्रूड्रायव्हर (धुळे)

बरोबर. ११९७ सोडा. तुम्ही शेवटी जे सहज लिहिलं ना, 'सिंगल', चोर तो आहे. दोन पट्ट्या कोणत्या स्लॉटात आहेत? प्रोसेसरकडून मोजा.

फोटोवाला (अमळनेर)

तिसऱ्यात जुनी, चौथ्यात नवी. शेजारी-शेजारी. एकमेकांना सोबत म्हणून.

स्क्रूड्रायव्हर (धुळे)

सोबतीनेच घात केला.

चार स्लॉट म्हणजे चार रस्ते नव्हे, रस्ते दोनच, त्यांनाच चॅनेल म्हणतात. प्रोसेसरकडून पहिला-दुसरा स्लॉट एका रस्त्यावर, तिसरा-चौथा दुसऱ्यावर. तुम्ही दोन्ही गाड्या एकाच रस्त्याला लावल्या, दुसरा मोकळा पडलाय. आता हिशोब बघा. एक रस्ता ६४ बिटांचा, म्हणजे एका वेळी ८ बाइट. २४०० गुणिले ८, सेकंदाला १९.२ जीबी. हेच दोन रस्त्यांवर वाटलं तर ३८.४. आणि २६६६ वर दोन रस्ते म्हणजे ४२ च्या वर.

म्हणजे तुम्ही ज्या २४०० आणि २६६६ वरून झोप उडवून घेतली, तो फरक ११ टक्क्यांचा. आणि एक पट्टी काढून दुसऱ्या खाचेत बसवण्याचा फरक दुप्पट. पैसा एक लागत नाही.

दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात टाका. बोर्डाच्या पुस्तकात त्यांना ए२ आणि बी२ म्हटलेलं असतं. पट्ट्या ८ आणि १६ अशा असमान आहेत, त्याने अडत नाही. इंटेलमध्ये दोन्हीकडचे ८-८ जोडीने चालतात, उरलेले ८ एकट्याने. फ्लेक्स मोड म्हणतात. जोडीची घेतली असती तर बरं झालं असतं, पण आता आहे त्यात भागवा.

मग बायोसमध्ये मेमरी फ्रीक्वेन्सी हाताने २६६६ करा. १२०० च्या रांगेवरून १३३३ ला जायला ३२०० वाल्या चिप्सना जड जायला नको. पण व्होल्ट १.२ च ठेवा. दोन्ही पट्ट्यांना व्होल्ट एकच मिळतो, आणि तुमची हिरवी पट्टी १.३५ साठी बनलेली नाही. एक्सएमपी बंदच असू द्या. एवढं झालं की रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून झोपा. एक जरी चूक निघाली तर मुकाट्याने २४०० वर परत या.

फोटोवाला (अमळनेर)

आत्ता लाइट गेली. आली की करतो.

लोकोशेड (भुसावळ)

मेमटेस्टचं दादांनी सांगितलं ते हसण्यावारी नेऊ नका, माझं ऐका.

माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे. त्याची लिमिट डीडीआर४ ३२००. मी ३२०० च्याच चार पट्ट्या भरल्या, एक्सएमपी चालू, मस्त चाललं. दिवाळी गेली, थंडी गेली. एप्रिल संपता संपता निळा स्क्रीन यायला लागला. कधी दिवसातून दोनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. विंडोज दोनदा टाकलं. पॉवर सप्लाय बदलला, फुकटचा खर्च. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, आपल्याला नाही. दुपारी खोलीतला कूलर बंद पडला की मशीन हमखास झोपायचं. शेवटी मेमटेस्ट लावला, भर दुपारी, मुद्दाम. लाल रेघा.

मग प्रोसेसरची माहिती नीट वाचली. ३२०० ही लिमिट दोन पट्ट्यांसाठी आहे! चार लावल्या तर एका रँकच्या (म्हणजे चिप्सचा एकच गट असलेल्या) पट्ट्यांना २९३३, दोन रँकच्यांना २६६७. मी फक्त पहिला आकडा वाचून बसलो होतो. २९३३ केलं, तेव्हापासून दोन उन्हाळे गेले, एकदाही निळं दिसलं नाही. ३२०० आणि २९३३ मधला फरक मला तरी आजपर्यंत डोळ्याला दिसलेला नाही.

रावेरची_केळी

४५ डिग्रीला माणसाचीच फ्रीक्वेन्सी कमी होते, रॅमचं काय घेऊन बसलात.

सातपुडा_७ (शहादा)

मी इंजिनिअरिंगला आहे, नवीन पीसी घ्यायचाय. ग्राफिक्स कार्डाचं बजेट आत्ता नाही, वर्षभराने बघू. दोन पर्याय काढलेत: रायझन ५ ५६००जी, नाहीतर आय-फाइव्ह १२४०० आणि एच६१० बोर्ड. मित्र म्हणतो दोन्हीला ३६०० ची रॅम घे, फ्यूचरप्रूफ. घेऊ का? आणि डीडीआर५ वर जायचं तर रायझन ७६०० बरा का?

कळण्याची_भाकर (पुणे, मूळ पाचोरा)

माझा आवडता विषय, थोडं लांबेल.

१२४०० ची लिमिट डीडीआर४ ला ३२००, डीडीआर५ ला ४८००. एच६१० वर रॅम लिमिटच्या वर जात नाही, बी६६० वर जाते. म्हणजे एच६१० वर ३६०० ची रॅम हा फोटोवाल्या भाऊंचाच किस्सा, दुसरा भाग. तिथे साधी जेडेकची ३२०० घ्यायची. एसपीडीच्या मुख्य रांगेतच ३२०० लिहिलेली, १.२ व्होल्टची. ओळखायची खूण, सीएल२२ असते (सीएल म्हणजे टायमिंगचा मुख्य आकडा, खाली सांगतो). लावली की स्वतःहून ३२०० वर उभी राहते, एक्सएमपीचं नाव काढायची गरज नाही.

५६००जी चीही लिमिट ३२००, पण एएमडीच्या स्वस्त बोर्डांवरही सहसा एक्सएमपी चालतं. त्या प्रोसेसरात ग्राफिक्स आतच आहे आणि त्याला स्वतःची मेमरी नाही, तो रॅममधूनच उचलतो. म्हणून तिथे वेग खरोखर जाणवतो, आणि दोन चॅनेल तर पाहिजेच पाहिजे. १६ ची एक पट्टी घेऊ नकोस, ८ च्या दोन घे. ३२०० सीएल१६ ची जोडी मिळाली तर डोळे झाकून.

आता सीएल. लोक नुसता वेग बघतात. पहिला बाइट हातात पडायला लागणारा वेळ काढायचा तर सीएल गुणिले २०००, भागिले वेग. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५. आणि २६६६ सीएल१९ म्हणजे १४.२५. बघा, सीएल२२ ची ३२०० आणि सीएल१९ ची २६६६ या बाबतीत जवळपास सारख्याच. वरती फोटोवाल्या भाऊंची पट्टी एकटी असती तर वेग २६६६ वर अडला तरी टायमिंग आवळून, १.३५ व्होल्टवर सीएल१४ करून बघता आलं असतं, म्हणजे साधारण १०.५. बोर्ड टायमिंगला हात लावू देत असेल तर.

रायझन ७६०० ची लिमिट डीडीआर५ ५२००. लोक त्यावर ६००० ची रॅम एक्सपो (एएमडीचं एक्सएमपीच) प्रोफाइलने चालवतात आणि बहुतेकांची छान चालते. पण ते ओव्हरक्लॉकिंगच (लिमिटच्या वर पळवणं) आहे, कंपनीही तसंच मानते, वॉरंटीत बसत नाही. आणि तिथे चार पट्ट्या लावल्या तर लिमिट थेट ३६०० वर येते. ५२०० वरून ३६००! पुढे दोन टाकू म्हणून आज १६ जीबीवर भागवणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. जेवढी लागणार तेवढी दोनच पट्ट्यांत घ्यायची.

अजून एक, डीडीआर५ चं नवं मशीन पहिल्यांदा चालू केलं की कधीकधी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. रॅमचं ट्रेनिंग चालू असतं. घाबरून बटण दाबत बसू नकोस.

स्क्रूड्रायव्हर (धुळे)

भाकरवाल्या दादांचं सगळं बरोबर, पण पोरा, तू नॅनोसेकंद मोजत बसू नकोस. ग्राफिक्स कार्ड वर्षभर नाही म्हणतोस ना, मग ५६००जी, ३२०० ची ८ जीबीची जोडी. उरलेल्या पैशात चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस. आपल्याकडे लाइट जाते आणि येते ती झटका देऊनच येते. गिऱ्हाइकांची मशीनं उघडतो त्यात रॅमच्या वेगाने मेलेलं एकही बघितलं नाही, झटक्याने मेलेली बघा म्हणा किती.

कळण्याची_भाकर (पुणे, मूळ पाचोरा)

यूपीएसवर शंभर टक्के सहमत. सीएलवर आपली भेट झाली की भांडू.

रावेरची_केळी

भेट आसोद्याच्या भरितावर ठेवा. मी निवाडा करायला येतो, जेवून.

फोटोवाला (अमळनेर)

झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

काल रात्री कॅबिनेट उघडलं. आत रुईचा असा थर होता की सीपीयूचा पंखा फिरतोय की गादी पिंजतोय कळेना. घरामागेच जिनिंग आहे, हंगाम चालू झाला की हवेतच कापूस असतो. ब्रशने झाडलं. जुन्या पट्टीच्या सोनेरी पिनांवर काळपट झाक आली होती, पोराच्या कंपासातल्या खोडरबराने हलक्या हाताने घासली, पुसली. जुनी दुसऱ्या स्लॉटात, नवी चौथ्यात. दोन्हीकडून 'टक' वाजेपर्यंत दाबली.

बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी! पोटात गोळाच आला. पुन्हा उघडलं तर चौथ्यातली एका टोकाने केसभर वर राहिलेली. परत दाबली, मग आलं.

बायोसमध्ये फ्रीक्वेन्सीची यादी २६६६ वरच संपते, तिच्या पुढे ओळच नाही. दादांनी सांगितलं ते आता डोळ्यांनी बघितलं. २६६६ केलं, व्होल्ट १.२. मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. सीपीयू-झेड आता १३३० दाखवतंय, आणि यावेळी मी घाबरलो नाही. चॅनेलपुढे 'ड्युअल'.

कामाचं म्हणाल तर फायनल एक्स्पोर्टला घड्याळ लावून बघितलं, थोडाच फरक आहे. पण टाइमलाइन आता अडकत नाही, तीन कॅमेरे टाकले तरी मेमरी ६० टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे मला जे पाहिजे होतं ते २४ जीबीनेच दिलं, ३२०० ने नाही. साधी २६६६ ची ८-८ ची जोडी घेतली असती तरी काम भागलं असतं, तेही स्वस्तात.

दुकानात परत गेलो नाही. जळगावला जाऊन-येऊन दिवस मोडतो.

स्क्रूड्रायव्हर (धुळे)

बरं व्हयनं. उन्हाळा लागला की एकदा पुन्हा मेमटेस्ट चालवा. आणि कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला बारीक मच्छरदाणीचं कापड लावा, दर पंधरा दिवसांनी काढून झटका. जिनिंगजवळच्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी तेच सांगतो.

रावेरची_केळी

ते सगळं राहू द्या. दिवे लागतात का अजून?

फोटोवाला (अमळनेर)

लागतात. पण चौथ्या स्लॉटवरून पॉवरची जाड वायर गेलीय, दिसत काही नाही.